एक जास्त

पोतं आलं ते दमट होतं.
उघडलं तसा वास आला,
दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना येतो तसला,
फक्त जुना, थंड.

तेजेशने क्लबच्या वहीत लिहिलं:
रिकाम्या पुंगळ्या, नऊ मिलिमीटर, लष्करी, लिलावातल्या,
नग अकराशे चाळीस.
"भोईर मावशी, पुढचं तुमच्या डोळ्याचं काम,"
म्हणाला, आणि भिंग माझ्याकडे सरकवलं.

एकतीस वर्षं मी अंबरनाथच्या फॅक्टरीत
तपासणीच्या टेबलाशी बसले.
पुंगळी गेली की पुंगळी यायची,
तोंड, अंग, बूड,
तोंड, अंग, बूड,
मग भोंगा.
तेव्हा त्या कोऱ्या असायच्या, तेल लावलेल्या,
बाळाच्या टाळूसारख्या.
परत येताना कशा दिसतात
ते कुणी दाखवलं नव्हतं.

आता माहीत झालंय.
काळ्या. कुणाच्या बुटाखाली चेपलेल्या.
एकीत मुंग्यांनी माती भरलेली.

आधी मूठभर घेऊन हलवायच्या.
चीर गेलेली एखादी असली
की सगळ्या मुठीचा आवाज बसतो,
मडकं घेताना टिचकी मारून कळतं तसं.
ती शोधून भंगाराच्या डब्यात.
मग बुडाकडून उजेडात धरायची.
आत एक भोक दिसलं तर ठेवायची,
दोन दिसली तर तीही डब्यात.
ठिणगी दोन वाटांनी जायची तिच्यात,
आमची सुई एकच वाट ओळखते.

जळलेली टोपी पडते टक् करून.
लष्कराची टोपी मात्र सहज सुटत नाही,
कड दाबून बसवलेली असते तिच्याभोवती,
हादऱ्यात, उन्हात, ट्रकच्या मागे
हलू नये म्हणून.
टोपी पडल्यावरही ती कड तशीच राहते.
ती हाताने खरवडायची, हलक्या हाताने,
नाहीतर नवी टोपी वाकडी बसते.
दिवसाला शंभर होतात. अंगठा सोलतो.

तेजेश मशीन आणतो म्हणतो, अक्रोडाची टरफलं घालून फिरवायचं.
मी चिंच आणि मीठ घेते.
देवाची भांडी घासताना जे हात चालतात तेच चालतात,
त्याचं मला काही वाटत नाही.
वाटायला हवं का, हे एकदा पिल्ले साहेबांना विचारलं होतं,
नाइट शिफ्टला, चौऱ्याण्णव साली.
ते म्हणाले, बाई, तोंड बघा, अंग बघा, बूड बघा.

चौऱ्याण्णवच्या सापडल्या सव्वीस.
बुडावर साल ठोकलेलं.
यातली एखादी माझ्या बोटांतून गेली असेल.
मी ओळखलं नाही. तिनेही नाही.

संध्याकाळी सुपात पसरून मोजल्या,
भंगाराच्या धरून.
अकराशे एक्केचाळीस.

परत मोजल्या. दहा-दहाच्या ढिगांनी.
अकराशे एक्केचाळीस.

तेजेश हसला. "जास्तच आहे ना, कमी तर नाही!"

त्याला माहीत नाही.
कमी पडली की काय होतं ते मला माझ्या भावाने सांगितलंय,
तो पोलिसात होता.
फायरिंग झालं की मोजणी,
एक पुंगळी कमी भरली
की अख्खी तुकडी गुडघ्यांवर,
गवत बोटांनी विंचरत,
अंधार पडला तर बॅटरी घेऊन,
सापडेपर्यंत जेवण नाही.

जास्त निघाली तर काय करायचं,
याचा रकाना कुठल्याच वहीत नाही.

तेजेशने एकवर चार-शून्य गिरवून
शून्याचा एक केला.
शाई ओली होती तोवर मी बघत राहिले.

रात्री सूप उचलायला गेले.
पितळ वाळून पिवळं झालं होतं,
यातली कुठली ती, सांगता येत नव्हतं.
मला दिसत होती एक टेकडी, नाव नसलेली,
आणि एक पोरगा, विशीतला,
अजून गवतात हात फिरवतोय,
आणि मागे कुणीतरी उभं राहून म्हणतंय,
नीट बघ.